सासूबाईंचा कान

गेल्या वर्षी काचबिंदूनं सासूबाईंची उरलीसुरली नजर गेली. पोथी सुटली, पेपर सुटला, टीव्हीचा तर नुसता कलकलाट. दिवसभर खाटेवर गप्प बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "अगं, गाणं लाव ना. पण त्या मोबाइलवर नको बाई, डबीत माणूस कोंडल्यासारखं वाटतं."

माझ्या जिवाला लागलं ते. माहेरी असताना त्या गाणं शिकत होत्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून त्यांनी ते ऐकलेलं. लग्नानंतर सगळंच राहिलं.

माझे भिशीचे दहा हजार आले होते. ह्यांच्या मते नवा मिक्सर घ्यावा. लेक म्हणाला, "आई, त्यात चांगला स्टिरिओ येतच नाही. दिवे लागणारा एखादा डबा घे आणि मोकळी हो."

बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना नेहमी सांगते, आधी वही, मग खरेदी. म्हटलं, आपणही तसंच करू. आमच्या गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, निम्म्याहून जास्त पैसा स्पीकरमध्ये घाला. खोक्यावरच्या हजार-दोन हजार वॉटला भुलू नका. आरएमएस किती ते बघा. दहा बाय बाराच्या खोलीला वीस-तीस वॉट रग्गड झाले."

त्यांच्याकडेच लाकडी पेटीतल्या जुन्या स्पीकरची जोडी मिळाली, पाच हजारांना. जुना स्पीकर घेताना पडद्याभोवतीची फोमची कड कुजलेली नाही ना, हे आधी बघायचं, हे तिथंच शिकले. प्रदर्शनाच्या कामाला पुण्याला गेले, तेव्हा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून छोटा अॅम्प्लिफायर आणला, २,८०० रुपये. तांब्याची साधी वायर आणि पिना ३५०. सुताराकडून दोन स्टुलं ६५०. गाण्यांसाठी लेकाचा काच तडकलेला मोबाइल होताच. एकूण ८,८००!

स्पीकर भिंतीला चिकटवून कोपऱ्यात ठेवले, तर आवाज घुमला. म्हणून हातभर पुढं ओढले. दोन स्पीकर आणि सासूबाईंची खाट, असा तीन सारख्या बाजूंचा त्रिकोण जमवला. स्पीकरची उंची त्यांच्या कानाएवढी. उघड्या भिंतीवरून आवाज आदळू नये म्हणून जाड पडदा लावला, फरशीवर गोधडी अंथरली.

गीतरामायण लावलं. आम्ही सगळे खूष! सासूबाई मात्र कपाळाला आठ्या घालून. "गाणारा कुठं बसलाय तेच कळेना गं. आवाज नुसता पांगलाय."

"म्हातारपणाचे कान," असं हे हळूच म्हणाले. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू? दोन दिवसांनी झाडताना स्पीकरच्या मागं नजर गेली. एकाची लाल-काळी वायर मीच उलटी जोडली होती. काकांनी समजावलं, की अशानं एका स्पीकरचा पडदा पुढं येतो तेव्हा दुसऱ्याचा मागं जातो. मग खालचे सूर एकमेकांना मारतात आणि आवाज मधोमध उभा राहत नाही. चार डोळस माणसांना जे कळलं नाही, ते त्यांना पहिल्या ओळीला कळलं होतं.

वायर सरळ केली, पण कुणाला काही बोलले नाही. गाणं लावलं. सासूबाई ताठ बसल्या. "आता कसा समोर येऊन बसला!" मग एक ख्याल लावला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मागं तानपुरा आहे. किती वर्षांनी ऐकला गं!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मैत्रिणींनो, आपल्या भिशीचा पैसा फ्रीज, मिक्सर, मुलांची फी यांतच जातो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या कानासाठी म्हणून तो काढायचं मनातच येत नाही. हल्ली शेजारच्या दोन मुली संध्याकाळी पेटी घेऊन आमच्याकडे येतात. सूर जरा हलला, की खाटेवरून हाक येते, "पुन्हा म्हण."

उरलेले १,२०० वहीत जमा आहेत. मिक्सरचं पुढच्या भिशीला बघू!