पेटी यंदा खुर्चीखालीच राहिली

यंदा २५ डिसेंबरला आमच्या उपासनेत एकही मराठी गीत झालं नाही. गिटार होती, ड्रम होते, पडद्यावर इंग्रजी शब्द सरकत होते. पप्पांची पेटी मी सवयीने नेली होती. ती खुर्चीखालीच राहिली. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "गाणी चांगली होती रे. आमेन कुठं म्हणायचं, तेवढं कळलं नाही."

आम्ही मूळचे नगरकडचे. पप्पा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागले आणि १९८८ साली आम्ही बदलापुरात आलो. त्याआधीचे नाताळ म्हणजे आजोळ आणि नवा शर्ट, बस. २००० नंतरचेही सांगण्यासारखे नाहीत. केक विकतचा, शुभेच्छा मोबाइलवर. खरा नाताळ मधल्या दहा-बारा वर्षांतला.

डिसेंबरच्या मध्यावर आई नानकटाईचं पीठ मळायची. घरात ओव्हन कुठला? पत्रे डोक्यावर घेऊन बेकरीत जायचं, भट्टीपुढे रांग लावायची. दुसऱ्याच्या पत्र्याशी अदलाबदल होऊ नये म्हणून आमच्या प्रत्येक नानकटाईवर मधोमध एक चारोळी. करंज्या, चकल्या घरीच. शेजारचे काका दिवाळीचा कंदील उतरवला की सांगाडा आम्हाला द्यायचे. त्याच कामट्यांवर पांढरा कागद चढला की आमची चांदणी तयार.

चोवीसच्या रात्री गाण्याची फेरी निघे. पेटी, ढोलकी, झांजा. नदीकडून बोचरा वारा यायचा, पप्पांची बोटं पेटीवर आखडायची. नारायण वामन टिळकांची पदं अभंगाच्या चालीवर सुरू झाली की खिडक्या उघडत. एकदा एका आजीबाईंनी विचारलं, "कुठल्या महाराजांची दिंडी हो?" पप्पा म्हणाले, "बेथलेहेमच्या." आजीबाईंनी हात जोडले आणि आतून गूळ-शेंगदाणे आणून दिले. देव माणसांत राहायला आला, असं आम्ही मानतो. राहायला येणारा शेजाऱ्यांच्या भाषेतच बोलणार ना? श्रद्धेबद्दल मला जे काही कळलं, ते त्या गूळ-शेंगदाण्यांसकट कळलं.

लोकलमधल्या एका गृहस्थांचा हिशेब मात्र अजून बाकी आहे. "ख्रिश्चन असून तुमचं मराठी इतकं शुद्ध कसं?" हे ते दर नाताळला विचारत, वर कौतुक केल्यासारखं हसत. तेव्हा मी गप्प बसलो. आज सांगतो : आमचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली निघालं, 'केसरी'च्या एकोणचाळीस वर्षं आधी. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मराठी दाराबाहेर काढून ठेवली नव्हती. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' तर तुमच्याही कपाटात असेल.

१९९८च्या नाताळात गुजरातेत डांगमध्ये प्रार्थनामंदिरं जाळली गेली. महिन्याभरात ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जिवंत जाळलं. १९९९ साली फेरी काढावी की नाही, यावर आमच्याकडे कुजबुज चालली होती. संध्याकाळी कंदीलवाले काका मफलर गुंडाळून दारात उभे राहिले. "निघायचं ना? झांजा मी वाजवतो." त्यांना ताल येत नव्हता. रात्रभर चुकीच्या जागी झांज वाजत राहिली आणि पप्पा पेटी तिच्यामागे नेत राहिले.

ती शेवटची मोठी फेरी. पुढे चाळी पडून टॉवर आले, पहारेकरी आले, पप्पा गेले. एकमेकांना "सलाम" म्हणणारी आमची माणसं "हाय" म्हणू लागली. जी मराठी लोकलमधल्या गृहस्थांना आमची वाटत नव्हती, ती आता आम्हालाही आमची वाटेना.

तरुण पोरांवर राग काढणं सोपं आहे. नाताळची उपासना इंग्रजीत घ्यायचा ठराव ऑक्टोबरात समितीपुढे आला, तेव्हा पाच हात वर गेले. त्यातला एक माझा. मुलगी इंग्रजी शाळेत शिकलेली. तिला आमचं गीतपुस्तक 'उपासना संगीत' अक्षर लावून वाचावं लागतं. ती चर्चमध्ये टिकावी, एवढंच डोक्यात होतं.

आईला हे अजून सांगितलेलं नाही. काल तिने पेटीवरची धूळ पुसली आणि विचारलं, "पुढच्या वर्षी तरी वाजवशील ना?"