‘यक्कू’च्या मागचं पुस्तक

मुलांनो, आज घरी एक गंमत करून बघा. आई किंवा बाबा कामात गढलेले असतील तेव्हा पाठीमागून हळूच जा, भुवया कपाळात चढवा आणि जोरात म्हणा, ‘यक्कू!’ दचकून झाल्यावर दोघांपैकी एकजण तरी हसू लागेल आणि विचारेल, ‘हे तुला कुणी रे शिकवलं?’ खुशाल माझं नाव सांगा.

हा ‘यक्कू’ घरोघरी पोचला १९९४ साली. तेव्हा दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘चंद्रकांता’ ही हिंदी मालिका लागायची. निर्मात्या होत्या नीरजा गुलेरी. तिच्यात लांबलचक भुवयांचा एक दुष्ट क्रूरसिंग होता. अखिलेंद्र मिश्र या नटाने तो असा काही रंगवला, की सोमवारी आमच्या शाळेत अर्धी मुलं क्रूरसिंगच झालेली असत! पुढे जगभर नाव मिळवलेले इरफान खान याच मालिकेत बद्रीनाथ झाले होते.

मी तेव्हा मोहोपाड्यात दुसरीत होते. आमचा टीव्ही कृष्णधवल. चित्र हललं की भाऊ कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि मी खालून ओरडायची, ‘आलं, आलं... गेलं!’ त्यात नेमकी वीज जायची. एका रविवारी राजकुमारी संकटात सापडली, सगळे श्वास रोखून बसलो, आणि पंखा थांबला. वीज आली तेव्हा मालिका केव्हाच संपली होती. पुढच्या रविवारी गोष्ट इतकी पुढे गेलेली, की मधलं काय झालं ते कळेना.

तेव्हा रसायनीचा एचओसीचा कारखाना जोरात चालू होता आणि त्याच्या कॉलनीत देशभरची माणसं राहत. आईच्या ओळखीच्या एक काकू तिथे होत्या. माहेर बनारसचं. दुपारी आईबरोबर त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, ‘काकू, मग तिचं काय झालं?’ काकू हसल्या. म्हणाल्या, ‘अगं, पुस्तकात तर हे असं काही नाहीच!’

पुस्तकात? मला वाटत होतं की गोष्ट टीव्हीतच राहते! काकूंनी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि एक जाडजूड, कव्हर फाटलेलं पुस्तक काढलं. उघडून बघते तर काय, अक्षरं आपलीच! क, ख, ग, सगळी ओळखीची. वाचता येत होतं, पण कळत मात्र काहीच नव्हतं. फार राग आला. माझ्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर हातात होतं आणि ते मला उघडता येत नव्हतं.

पाचवीत शाळेत हिंदी आलं. ‘में’ आणि ‘मैं’ यांत मी इतकी गोंधळायची, की वर्गात वाचायला उभं राहिलं की मुलं आधीच हसायला लागत. घटक चाचणीत वीसपैकी सहा गुण पडले. आईने काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, ‘रोज एक पान मोठ्याने वाचायचं. मगच चहा-बिस्कीट.’

पहिल्या पानावर लढाई नाही, जादू नाही. संध्याकाळची वेळ, डोंगराच्या पायथ्याशी एका खडकावर दोन मित्र बोलत बसलेत. एक नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, दुसरा त्याचा ऐयार तेजसिंह. इतकंच! ‘ऐयार म्हणजे काय?’ इथेच मी अडले आणि इथेच मला खरी गोडी लागली.

ऐयार म्हणजे नुसता हेर नव्हे. आपल्या शिवाजी महाराजांचे बहिर्जी नाईक आठवा, आणि वेषांतर, धावणं, गाणं, औषधांची माहिती हे सगळं त्यांच्या अंगी आहे असं समजा. ऐयाराच्या कमरेला एक बटवा. त्यात माणसाला बेशुद्ध करणारी पूड, शुद्धीवर आणणारा ‘लखलखा’, आणि जवळ भिंतीवर चढायला ‘कमंद’, म्हणजे फासाचा दोर. आणि मुलींनो, राजकुमारीची मैत्रीण चपला हीसुद्धा ऐयारच. वेष पालटून एकटी कामगिरीवर निघते. हे पुस्तक १८८८ सालचं आहे, बरं का!

टीव्हीवर वेषांतर सोपं. एक चेहरा गेला, दुसरा आला, आपल्याला सगळं दिसतं. पुस्तकात तसं नाही. एक म्हातारी येते, बोलते, निघून जाते, आणि पुढे कधीतरी लेखक सांगतो की ती म्हातारी नव्हतीच. म्हणजे फसला फक्त राजाचा पहारेकरी नाही, तुम्हीही फसलात! एकदोनदा फसल्यावर मी सावध झाले. नवीन माणूस आला की थांबून विचार करायची, हा खरा की खोटा? काकूंशी पैज लावायची. आणि असं सावधपणे वाचता वाचता ‘में’ आणि ‘मैं’ कधी सुटे झाले ते कळलंच नाही.

कादंबरीत क्रूरसिंग आहे, पण तो ‘यक्कू’ म्हणत नाही. टीव्हीवर त्याला जेवढी जागा मिळाली, तेवढी पुस्तकात नाही. पहिल्यांदा मी हिरमुसले होते, हेही सांगून टाकते.

हे लिहिणारे बाबू देवकीनंदन खत्री (१८६१ ते १९१३) काशीला राहत. काशीच्या राजाच्या मुलखातल्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके त्यांच्याकडे होते. कामासाठी रानोमाळ हिंडताना पडके किल्ले, भुयारं, गुहा त्यांनी मनसोक्त पाहिल्या. ठेकेदारी सुटली आणि तेच पडके वाडे गोष्टीत ‘तिलिस्म’ झाले. तिलिस्म म्हणजे खजिना राखणारी चक्रावून टाकणारी वास्तू. चुकीच्या जागी पाय पडला की माणूस अडकलाच! एका ठिकाणी तर दगडी बगळा माणूस गिळतो. पण यातली बरीचशी जादू ही जादू नसून यंत्रांची करामत आहे, असं खत्री पुढे उलगडून दाखवतात. मला हे जादूपेक्षाही आवडलं.

‘चंद्रकांता’ चार भागांत संपते. मग तिच्या मुलांची, इंद्रजितसिंह आणि आनंदसिंहांची गोष्ट, ‘चंद्रकांता संतती’. तिचे भाग चोवीस! त्यातल्या एका ऐयारावर पुन्हा ‘भूतनाथ’ ही वेगळी मालिका. ती लिहिता लिहिता खत्री वारले आणि त्यांचा मुलगा दुर्गाप्रसाद याने ती पुरी केली. त्या काळी उत्तरेत पुष्कळांना फक्त उर्दू वाचता येई. त्यांतले कितीतरी जण या गोष्टींसाठी मुद्दाम हिंदी शिकले, असं सांगतात. त्यांना लिपीपासून सुरुवात करावी लागली. आपलं ते काम तर बालवाडीतच झालंय!

मी सातवीत असताना काकूंच्या यजमानांची बदली झाली. ‘संतती’चा सहावा भाग अर्धा झाला होता. सामानाच्या ट्रकमध्ये ती ट्रंक चढताना बघून मी रडले. काकू जाणार म्हणून की पुस्तक जाणार म्हणून, ते आजही नीट सांगता येणार नाही. पुढचे भाग मी डीएड होऊन पहिला पगार हातात आल्यावर घेतले. मधे चौदा-पंधरा वर्षं गेली होती, पण थांबले होते ते पान लगेच सापडलं.

पालकांनाही एक सांगायचंय. मूल टीव्हीसमोर बसलंय म्हणून नेहमीच कपाळाला आठ्या घालू नका. फक्त मालिका संपल्यावर विचारा, ही गोष्ट कुठल्या पुस्तकातली? नसेलच पुस्तक, तर सोडून द्या. असेल, तर पहिली दहा पानं तुम्ही वाचून दाखवा. पहिली दहाच जड जातात.

गेल्या वर्षी मी वर्गात ‘चंद्रकांता’चा एक जुना भाग मोबाइलवर दाखवला. मुलं नको तिथे खो खो हसली. आजच्या पोरांना ते जादूचे देखावे म्हणजे विनोदच! मग नकाशा काढला. चुनारगड उत्तर प्रदेशात मिर्झापूर जिल्ह्यात गंगेकाठी आजही उभा आहे. विजयगड सोनभद्र जिल्ह्यात, नौगढ चंदौलीत. ‘म्हणजे खरंच आहे?’ आता कुणी हसत नव्हतं. पहिलं पान मी वाचलं, दुसरं वाचायला चार हात वर आले. एरवी पुस्तक दिसलं की पोटात दुखणाऱ्या एकाचा हात त्यांत होता. तो अडखळत अडखळत सात ओळी वाचून बसला.

शाळा सुटल्यावर तोच माझ्या मागे मागे आला. वाशिवलीकडच्या डोंगरांकडे बोट करून म्हणाला, ‘बाई, मामाबरोबर माणिकगडावर गेलो होतो. वर पाण्याची टाकी आहेत. त्यांच्या खाली काय असेल हो?’