भांडणात मध्ये बसण्याचे शिक्षण

नवरा म्हणतो, ‘घरात पाऊल टाकले की हिची कटकट सुरू होते, म्हणून मी उशिरा येतो.’ बायको म्हणते, ‘हे रोज उशिरा येतात, म्हणून मला बोलावे लागते.’ दोघेही खोटे बोलत नाहीत. आधी सुरुवात कोणी केली, हे शोधायला नातेवाइकांची बैठक बसली तर ती रात्रभर चालते आणि पहाटे दोन तट पडलेले असतात. कुटुंब उपचाराचे, म्हणजे फॅमिली थेरपीचे शास्त्र हा प्रश्नच बाजूला ठेवते. कारण आणि परिणाम इथे सरळ रेषेत धावत नाहीत, गोल फिरतात. हे चक्र कुठे अडवता येईल, एवढेच उपचारक पाहतो.

ऐकायला हे सोपे वाटते. म्हणूनच ‘चार लोकांचे संसार सावरले आहेत’ एवढ्या भांडवलावर समुपदेशनाची पाटी लावणारे गावोगाव दिसतात. पण या विषयाला संशोधनाचा पाया आहे आणि तो केवळ नवरा-बायकोच्या भांडणांतून आलेला नाही.

1950च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाला एक विचित्र गोष्ट दिसली. स्किझोफ्रेनियातून सावरून घरी गेलेल्या रुग्णांपैकी जे आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतले, त्यांचा आजार पुन्हा उफाळण्याचे प्रमाण भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहणाऱ्यांपेक्षा जास्त होते. पुढे ब्राउन आणि सहकाऱ्यांनी घरच्यांच्या मुलाखती घेऊन टोचून बोलणे, तिरस्कार आणि अति काळजीने रुग्णाला गुदमरवणे या गोष्टी मोजण्याची पद्धत बसवली. अशा घरांत आजार उलटण्याचा धोका अधिक असतो, हे नंतर अनेक देशांत दिसून आले. 1980च्या दशकात हीच मोजणी चंदीगडमध्ये झाली, तेव्हा तिथे अशी घरे लंडनपेक्षा बरीच कमी आढळली. घरच्यांना आजार समजावून सांगितला, बोलण्याची रीत बदलायला मदत केली, तर औषधांच्या जोडीने आजार उलटणे कमी होते. आज स्किझोफ्रेनियाच्या उपचारात हा भाग मान्य झालेला आहे.

यात एक खाचही आहे. 1956 मध्ये ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या सिद्धान्ताचा सोयीचा अर्थ काढून कित्येक वर्षे स्किझोफ्रेनियाचे खापर आईच्या माथी फोडले गेले. ते पुराव्यावर टिकले नाही. घरातल्या वातावरणाने आजाराची वाट बदलते, याचा अर्थ घराने आजार दिला असा होत नाही. हा फरक ज्याला शिकवला गेला नाही, तो समुपदेशक एखाद्या खचलेल्या आईला अजून खचवून घरी पाठवू शकतो.

भारताचे या क्षेत्रातले योगदान जुने आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950च्या दशकातच रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू टाकून राहू दिले आणि उपचारात सामील करून घेतले. बंगळूरच्या निम्हान्समध्ये आजही सगळे कुटुंब एकत्र दाखल होऊन उपचार घेऊ शकते.

मात्र ‘कुटुंब उपचारक’ म्हणून वेगळा परवाना आपल्याकडे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने तो 1963 मध्ये सुरू केला. आता तिथल्या सर्व राज्यांत तो आहे. इथे या कामाकडे जाणाऱ्या वाटा दोन. एक मानसशास्त्राची: पदव्युत्तर पदवी आणि नंतर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेले चिकित्सा मानसशास्त्राचे प्रशिक्षण. आजवर ते दोन वर्षांच्या एम.फिल.मधून मिळत असे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे ही रचना बदलते आहे, त्यामुळे प्रवेशाआधी परिषदेची यादी स्वतः पाहिलेली बरी. दुसरी वाट समाजकार्याची, म्हणजे एमएसडब्ल्यूची. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था ही त्यातली जुनी नावे. कौटुंबिक न्यायालयांतल्या विवाह समुपदेशकाच्या पदासाठी महाराष्ट्रात हीच पदवी महत्त्वाची ठरते. मनोरुग्णालयांत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, पोलिसांच्या महिला विशेष कक्षात आणि सखी केंद्रांतही समाजकार्याचे पदवीधर दिसतात. यांतली बरीच पदे कंत्राटी आहेत, हेही विद्यार्थ्याने आधीच माहीत करून घ्यावे.

वाद-निराकरणाचे शिक्षण ही शेजारची, पण वेगळी शाखा. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियामध्ये 2004 पासून शांतता आणि संघर्ष निराकरणाचे स्वतंत्र केंद्र आहे. तिथे संघर्षांच्या अभ्यासाची एम.ए. करता येते. न्यायालयांच्या मध्यस्थी केंद्रांत काम करायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने ठरवलेले 40 तासांचे प्रशिक्षण असते. 2023च्या मध्यस्थी कायद्याने या व्यवसायाला स्वतंत्र चौकट दिली आहे.

गल्लत होते ती इथे. मूल कोणाकडे राहील, सुट्टीत कोणाकडे जाईल, घराच्या हप्त्याचे काय, हे मध्यस्थाचे प्रश्न. त्याला करार हवा असतो, तोही दोघांना झेपेल असा. उपचारकाला कराराची घाई नसते. दोघांनी वेगळे व्हायचे शांतपणे ठरवले, तरी त्याचे काम फसले असे नव्हे. चाळीस तासांत वाटाघाट शिकता येते, उपचार नाही. आणि एम.फिल. झाले म्हणून पोटगीची बोलणी जमतीलच असेही नाही. आपल्याकडे दोघांनाही ‘समुपदेशक’च म्हणतात आणि दोघांकडूनही अपेक्षा एकच असते: जमवून द्या.

या अपेक्षेची किंमत सर्वात जास्त मोजते ती मार खाणारी बाई. चक्राचा सिद्धान्त इथे लागू करता येत नाही. ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून त्याने हात उचलला’ हे चक्र नव्हे, तो गुन्हा आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रीवादी अभ्यासकांनी कुटुंब उपचाराच्या शास्त्रालाच या मुद्द्यावर धारेवर धरले होते आणि ते योग्यच होते. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तोही घरातल्या हिंसेला पोलिसांनी ‘घरगुती बाब’ म्हणून परत पाठवू नये यासाठी.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांनुसार, समुपदेशन सुरू होण्याआधीच प्रतिवादीला सांगावे लागते की मारहाणीचे कसलेही समर्थन इथे ऐकले जाणार नाही. दोघांपैकी कोणाशी हितसंबंध असलेल्या व्यक्तीला समुपदेशक नेमता येत नाही. शक्यतो स्त्री समुपदेशक असावी, हेही नियमांत लिहिले आहे. म्हणजे गावकीतला आदरणीय काका कितीही सज्जन असला, तरी तो या खुर्चीत बसू शकत नाही.

प्रशिक्षित माणूस म्हणूनच सुरुवातीला दोघांना वेगवेगळे भेटतो. तिला एकटीला विचारतो: घरी जायची भीती वाटते का, पैसे कोणाच्या हातात असतात, इथे जे बोलाल त्याचा रात्री त्रास होईल का? उत्तर ‘हो’ असेल तर एकत्र बैठक होत नाही. संरक्षण, वैद्यकीय तपासणी आणि वकील यांची सोय आधी होते. बैठक कधी घ्यायची नाही हे कळणे, हा या शिक्षणातला सर्वात अवघड धडा आहे. तो पुस्तकातून येत नाही. प्रत्यक्ष केसेस हाताळत असताना वरिष्ठ शेजारी बसलेला असावा लागतो, चूक तिथल्या तिथे दाखवणारा.

2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले, त्याकडेही या नजरेने पाहता येते. अभ्यासक्रम निवडताना फी आणि जागा किती यांच्या आधी विचारायचे ते हे, की देखरेखीखाली प्रत्यक्ष कुटुंबांसोबत किती तास काम करायला मिळेल आणि देखरेख करणाऱ्याने स्वतः हे काम किती वर्षे केले आहे. चांगल्या वर्गात आणखी एक गोष्ट लवकर करून घेतली जाते. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या घराची तीन पिढ्यांची वंशरेषा काढायला सांगतात: कोण कोणाशी बोलत नाही, कोण कोणाच्या भांडणात नेहमी मध्ये पडते, कोणाचे नाव घरात घेतले जात नाही. बहुतेकांचा कागद पहिल्या प्रयत्नात अर्धवट राहतो आणि मग घरी फोन लावले जातात.