गर्भनिरोधनाच्या पद्धती अनेक, भार मात्र स्त्रीवरच

नवी दिल्ली : मूल केव्हा व्हावे आणि किती व्हावीत हा निर्णय पती-पत्नी दोघांचा, परंतु तो अमलात आणण्याचा भार भारतात प्रामुख्याने स्त्रीच उचलते. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण होते अवघे ०.३ टक्के. वस्तुतः दोन्ही शस्त्रक्रियांपैकी पुरुषांवरील शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची आहे. हे उफराटे चित्र समजून घ्यायचे, तर गर्भनिरोधनाच्या पद्धती शरीरात नेमके काय करतात हे पाहावे लागते. आणि राजधानी दिल्लीच्या इतिहासातील एका प्रकरणाकडेही वळावे लागते.

साखळी आणि तिचे दुवे

साधारणतः प्रत्येक मासिक चक्रात एका अंडाशयातून एक स्त्रीबीज बाहेर पडते. ते सुमारे एक दिवस टिकते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. बीजवाहक नलिकेत दोहोंचा संयोग झाला आणि फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजले, की गर्भधारणा होते. गर्भनिरोधनाची प्रत्येक पद्धत या साखळीतील कोणता ना कोणता दुवा तोडते.

निरोध हा सर्वांत सरळ अडथळा. तो शुक्राणूंना आत जाऊच देत नाही. एचआयव्ही व अन्य लैंगिक संसर्गांपासूनही संरक्षण देणारे हेच एक प्रचलित साधन आहे. मात्र दर वेळी आणि अचूक वापर झाला, तरच त्याचा पूर्ण लाभ मिळतो. प्रत्यक्ष व्यवहारात निरोधावर विसंबणाऱ्या १०० जोडप्यांपैकी वर्षभरात सुमारे १३ स्त्रियांना गर्भधारणा होते. अचूक वापरात हा आकडा दोनवर येतो.

संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टोजेन ही दोन संप्रेरके असतात. त्यांच्यामुळे स्त्रीबीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयमुखातील स्राव दाट होतो. गोळी रोज न चुकता घ्यावी लागते. उच्च रक्तदाब असलेल्या, पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या किंवा दृष्टिदोषाची पूर्वसूचना देणाऱ्या अर्धशिशीचा त्रास असलेल्या स्त्रियांना ती योग्य नाही. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांनीही वैद्यकीय सल्ल्यावाचून ती घेऊ नये.

लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेली सेंटक्रोमन ही गोळी संप्रेरकविरहित आहे. शासकीय कार्यक्रमात ती ‘छाया’ या नावाने मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा ती घ्यायची असते. फलित बीज रुजण्यास गर्भाशयाचे अस्तर अनुकूल राहू नये, अशी तिची क्रिया असते. २०१७ मध्ये तिच्यासोबतच शासकीय कार्यक्रमात आलेले ‘अंतरा’ हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. त्यामुळे पाळी अनियमित होऊ शकते वा थांबू शकते; हे आधीच सांगितले नाही, तर स्त्रिया घाबरून इंजेक्शन अर्ध्यावर सोडतात.

तांबी, म्हणजेच कॉपर-टी, गर्भाशयात बसविली जाते. तिच्यातून झिरपणारे तांबे शुक्राणूंची हालचाल निकामी करते. प्रकारानुसार ती पाच किंवा दहा वर्षे काम देते, प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आतही बसविता येते आणि काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. १०० स्त्रियांमागे वर्षभरात एकीलाही क्वचितच गर्भ राहतो. असे असूनही देशात तिचा वापर जेमतेम २.१ टक्के आहे.

तातडीच्या गोळीविषयी गैरसमज फार आहेत. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यावयाची ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणे लांबविते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. नेहमीच्या साधनाला पर्याय म्हणून मात्र ती वापरायची नसते.

दोन शस्त्रक्रिया

स्त्री नसबंदीत पोटाला छेद देऊन वा दुर्बिणीद्वारे बीजवाहक नलिका बंद केल्या जातात. बिनटाक्याच्या पुरुष नसबंदीत उदरपोकळी उघडावी लागत नाही. अंडकोशाच्या त्वचेला सूक्ष्म छिद्र पाडून शुक्रवाहिन्या बंद केल्या जातात. त्या भागापुरतीच भूल पुरते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. पुरुषी संप्रेरक शुक्रवाहिनीतून नव्हे, तर थेट रक्तात मिसळते; म्हणून पौरुष वा ताकद घटण्याची भीती निराधार आहे. मात्र वाहिनीत शिल्लक राहिलेले शुक्राणू निघून जाण्यास अवधी लागतो. त्यामुळे तीन महिने दुसरे साधन वापरणे आणि नंतर वीर्यतपासणी करून घेणे आवश्यक असते.

दिल्लीची सावली

भारताने १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. साठच्या दशकात लाल त्रिकोण घरोघरी पोहोचला आणि १९६८ मध्ये ‘निरोध’ स्वस्तात दुकानांवर आला. १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि मन वळविण्याची जागा सक्तीने घेतली. शहा आयोगाच्या नोंदीनुसार १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ८१ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. दिल्लीत जामा मशिदीजवळचे दुजाना हाउस येथील नसबंदी शिबिर आणि एप्रिल १९७६ मधील तुर्कमान गेटचा गोळीबार या काळाच्या खुणा ठरल्या. १९७७ मध्ये सत्तांतर झाले, ‘कुटुंबनियोजना’चे ‘कुटुंबकल्याण’ झाले. पण नसबंदी म्हणजे जबरदस्ती ही भीती उरली. कार्यक्रमाचा रोख स्त्रियांकडे वळला.

त्याची किंमतही स्त्रियांनीच मोजली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातील शिबिरांनंतर तेरा स्त्रियांचा मृत्यू झाला; त्यांपैकी एका शिबिरात एकाच दिवशी ८३ शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या होत्या. सप्टेंबर २०१६ मध्ये देविका विश्वास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले.

पुरुषांसाठी नवे साधन

दिल्ली व खरगपूरच्या आयआयटीत काम केलेले डॉ. सुजॉय गुहा यांनी विकसित केलेल्या ‘रिसुग’ या इंजेक्शनाची शुक्रवाहिनीच्या आत बहुवारिकाचा थर बसविण्याची कल्पना आहे; तो थर शुक्राणूंना निकामी करतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देखरेखीखाली नवी दिल्लीसह पाच केंद्रांवर ३०३ विवाहित पुरुषांवर झालेल्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात गर्भधारणा रोखण्याचे प्रमाण ९९ टक्के आढळले. माणसात त्याचा परिणाम पूर्ववत उलटविता येतो, हे मात्र सिद्ध व्हायचे आहे.

निवड कोणाची?

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा माहिती देणे हेच धाडस होते. आज साधने शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. पहिले मूल लांबवायचे असेल, तर गोळी वा निरोध. दोन मुलांत अंतर हवे असेल, तर तांबी वा इंजेक्शन. कुटुंब पूर्ण झाले असेल, तर नसबंदी, असे ढोबळ सूत्र आहे. वय, आजार आणि स्तनपान पाहून डॉक्टरांशी बोलूनच ते लागू करावे. शासकीय निकषांनुसार नसबंदीसाठी जोडीदाराची संमती बंधनकारक नाही. ज्याच्यावर शस्त्रक्रिया होणार, त्याची पूर्ण माहितीनिशी दिलेली लेखी संमती मात्र अनिवार्य आहे. समुपदेशनाच्या वेळी पतीही समोर बसला, तर ०.३ टक्क्यांचा हा आकडा बदलण्याची सुरुवात तेथूनच होऊ शकते.