टाळेबंदीतली वही

मार्च लागला की वस्तीतल्या मुली विचारतात, "ताई, यंदा जयंतीला नवीन गाणं कोणतं?" मी नर्सिंगचा डिप्लोमा केलेली बाई, पण महिला मंडळासाठी भीमगीतं लिहिते. 2020 साली मात्र गाणं झालं नाही. 25 मार्चपासून टाळेबंदी, विहाराला कुलूप. 14 एप्रिलला आम्ही आपापल्या दारात मेणबत्त्या लावून बाबासाहेबांना वंदन केलं.

टीव्हीवर सांगत होते, घरी आहात तर लिहा, वाचा, छंद जोपासा. ज्यांना स्वतंत्र खोली आहे त्यांना एकांत मिळाला असेल. आमच्या गोंदियातल्या वस्तीत दोन खोल्यांत सहा माणसं. एरवी सगळे बाहेर गेल्यावर दुपारचा एक तास माझा असायचा, तोही गेला. एका मोबाईलवर दोन पोरांची शाळा, दिवसातून चारदा चहा. शब्द सुचेना, झोप येईना, पोरांवर उगाच ओरडायची. वाटलं, आपलं लिहिणं संपलं.

तेव्हा फलटणच्या बेबीताई कांबळे आठवल्या. त्या किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेली रद्दीतली वर्तमानपत्रं वाचायच्या आणि गिऱ्हाईक नसलं की वहीत लिहायच्या. नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून वह्या लपवून ठेवायच्या. अशी वीस वर्षं गेली. 1982 मध्ये 'स्त्री' मासिकात ते लेखन आलं, 1986 मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक निघालं. त्यांना कुठे एकांत होता?

मी पहाटे साडेचारला उठू लागले. गाण्याचा नाद सोडला, दिसलं ते लिहिलं. तेल-डाळीचे भाव. कोणाची चूल पेटली नाही, कोणाची बीपीची गोळी संपली. कोहमाऱ्याजवळ महामार्गाने पायी छत्तीसगडकडे निघालेल्या एका मजुराच्या तळव्याला पट्टी बांधली, तर तो म्हणाला, चप्पल आता चढणार नाही. तेही लिहिलं. आठवडाभरात चिडचिड कमी झाली, झोप यायला लागली.

याला थोडा आधारही आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा 1986 सालचा एक प्रयोग आहे. त्यात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं मनातला घाव लिहायला सांगितलं. लिहिल्यावर लगेच त्यांना उदासच वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा लहानच दिसला. म्हणजे वही हे औषध नाही, गोळी बंद करू नका. शुद्धलेखन बघू नका, कोणाला दाखवू नका, आणि जड गोष्ट झोपण्याच्या तोंडावर लिहू नका. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर घाई नको. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जीव नकोसा वाटतो, असं असेल तर डॉक्टरकडे जा किंवा 14416 या टेली-मानसच्या नंबरवर बोला. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, पोरांनी लिहावं. आमच्या सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या. एका पहाटे त्यांनी विचारलं, "काय लिवून राहिली वं बाई रोज?" मग स्वतःच सांगू लागल्या. 1918 च्या मानमोडीच्या तापाचं त्यांनी आपल्या आईकडून ऐकलेलं, मेलेल्या माणसाला उचलायला माणूस मिळत नव्हता ते. बारा पानं झाली. मे 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, सासूबाई गेल्या. त्यांचा शेवटचा फोटोही नाही आमच्याकडे, ही बारा पानं आहेत.

त्यातूनच 2022 च्या जयंतीचं गाणं झालं. मुलींनी त्याची चाल बदलली. मला ती अजून पटलेली नाही, पण विहारात तीच म्हणतात.