घर सांभाळायला गेलात आणि रूम फ्रेशनरचा त्रास झाला तर?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातलं अडखळणं काढलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकायला छोटा वाटेल. दुसऱ्याचं घर सांभाळायला गेलो, आणि त्या घरात सगळीकडे रूम फ्रेशनर, प्लगमधलं सुगंधी तेल, बाथरूममध्ये लटकवलेली जेलची वडी, कपाटात डांबराच्या गोळ्या असं सगळं असलं, तर करायचं काय?

नागपुरात मे महिना लागला, शाळा सुटल्या, की अर्धी कॉलनी गावाला जाते. मग कुणीतरी काकू फोन करतात, "पंधरा दिवस आमच्याकडे राहशील का गं? झाडांना पाणी, मांजरीचं खाणं आणि संध्याकाळी देवाजवळ दिवा, बस." हॉस्टेलवर राहणाऱ्या माझ्यासारखीला हे आवडतंच. स्वयंपाकघर मिळतं, शांतता मिळते. पण मला दमा आहे. त्यामुळे अशा घरात गेल्यावर मी वायफायचा पासवर्ड नंतर विचारते, आधी वास घेते.

घरच्यांना तो वास येतच नाही

पहिली गोष्ट म्हणजे, कुणी तुम्हाला त्रास द्यायला घर सुगंधी करत नाही. एकच वास सतत येत राहिला, की आपलं नाक काही मिनिटांत त्याकडे दुर्लक्ष करायला लागतं. गावाहून परत आल्यावर दार उघडताना आपल्याच घराचा वास जाणवतो ना, आणि थोड्या वेळाने गायब होतो? तेच. म्हणून काकूंना वाटतं, वास कमी झाला, आणखी एक बाटली लावू.

आता हेच आपल्यालाही लागू आहे. अर्ध्या तासाने तुम्हाला वाटेल, "चला, गेला वास." वास गेलेला नसतो. नाकाने सांगणं बंद केलेलं असतं. हवेत ते रसायन आहे तेवढंच असतं, आणि डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं, छाती भरून येणं चालू राहू शकतं. त्यामुळे नाकावर विसंबू नका. वस्तू कुठे कुठे आहेत ते बघा.

"पण हा तर संत्र्याचा वास आहे!"

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असं आपण धरून चालतो. संत्र्याचं साल सोलताना जो फवारा उडतो, त्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त भाग लिमोनीन नावाच्या एकाच पदार्थाचा असतो. रूम फ्रेशनरच्या लिंबू-संत्री वासातही बहुतेक वेळा तेच असतं. रेणू तोच, फक्त बाटली वेगळी. एक संत्रं सोलणं आणि पंधरा दिवस चोवीस तास बंद खोलीत तेच तेल उडत राहणं, यात फरक मात्र प्रमाणाचा आहे.

शिवाय लिमोनीनची ओझोनशी गाठ पडली, की त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अतिशय सूक्ष्म कण तयार होतात. जमिनीलगतचा ओझोन कडक उन्हात, म्हणजे दुपारी वाढतो. आणि उन्हाळ्यात नागपूरच्या उन्हाबद्दल मी वेगळं काय सांगू! गरम खोलीत कुठलंही सुगंधी तेल जास्त वेगाने उडतं, हेही त्यात धरा. जी बाटली डिसेंबरमध्ये सौम्य वाटते, तीच मेमध्ये अंगावर येते.

डांबराच्या गोळ्यांचं थोडं वेगळं सांगते. त्या बहुतेक नॅफ्थलीनच्या असतात आणि न वितळता थेट हवेत विरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली घरातल्या हवेसाठी ज्या मर्यादा सांगितल्या, त्यात फॉर्मल्डिहाइड आणि नॅफ्थलीन दोन्ही आहेत. जी६पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्यांना, खासकरून तान्ह्या बाळांना, नॅफ्थलीनमुळे लाल रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. बेसिनमध्ये या गोळ्या टाकायची सवय आपल्याकडे फार आहे.

किल्ली घ्यायच्या आधी बोला

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. घर त्यांचं आहे. त्यांना न सांगता वस्तू हलवणं बरं नाही, आणि न सांगता पंधरा दिवस खोकत बसणंही बरं नाही. मी साधं बोलते:

"काकू, मला दमा आहे, सुगंधी गोष्टींनी वाढतो. तुम्ही नसताना प्लगमधलं आणि बाथरूममधलं काढून ठेवलं तर चालेल का? तुम्ही यायच्या आदल्या दिवशी होतं तसं लावून ठेवीन."

यात "तुमच्या घरात फार वास येतो" असं एकदाही म्हटलेलं नाही, हे लक्षात घ्या. आपला त्रास सांगायचा, त्यांच्या आवडीवर बोलायचं नाही. शक्य असेल तर त्यांना सांगा, की निघायच्या दोन दिवस आधीच ते बंद करा. घर बरंच मोकळं होतं.

देवघराचं स्वतंत्र विचारा. उदबत्ती म्हणजे नुसता वास नाही, धूरही आहे. "उदबत्तीऐवजी नुसता दिवा लावला तर चालेल का?" असं विचारलं, की बऱ्याचदा "अगं चालेल की!" असं उत्तर येतं. पण एखाद्या घरात नाही म्हणाले, तर तो त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. तुम्हाला झेपणार नसेल तर तेव्हाच नम्रपणे काम नाकारा. हो म्हणून नंतर गुपचूप न लावणं, हे मला पटत नाही.

घरात शिरल्यावर: आधी गॅस

हे नीट ऐका. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हा घाण वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. घरात मोगरा आणि लॅव्हेंडर दरवळत असेल, तर तो इशारा झाकला जाऊ शकतो. म्हणून बंद घरात गेल्यावर पहिल्यांदा दार-खिडक्या उघडा आणि रेग्युलेटर बंद आहे ना ते बघा. शंका आली तर दिवा-पंख्याचं बटण दाबू नका, बाहेर या आणि १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन करा.

स्प्रेच्या डब्यांबद्दलही एक. वास बाहेर ढकलायला त्यात बहुधा ब्युटेन-प्रोपेनसारखाच ज्वालाग्राही वायू असतो. डब्यावर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका, असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो. त्रास होतो म्हणून तो डबा उचलून गॅलरीच्या उन्हात ठेवू नका.

मग एकेक वस्तू

आधी प्रत्येक वस्तूचा जागेवर फोटो काढा. परत लावताना उपयोगी पडतो.

प्लगमधली बाटली: नुसतं बटण बंद करून भागत नाही, वातीतून तेल उडतच राहतं. बाटली काढा, झाकण लावा आणि उभीच काचेच्या बरणीत घट्ट बंद करून ठेवा. आडवी पडली तर सांडलेलं तेल लाकडाचं पॉलिश आणि प्लास्टिक खराब करतं.

ठरावीक वेळाने आपोआप फवारणारं मशीन: बटण बंद, सेल बाहेर.

जेलच्या वड्या आणि डांबराच्या गोळ्या: त्याही बरणीत. गोळ्यांना हात लावला तर साबणाने धुवा. कपड्यांच्या कपाटातल्या मात्र काढू नका, कपाट बंद ठेवा.

पडदे, सोफा, उशा यांच्यात वास मुरलेला असतो आणि तो दिवसेंदिवस बाहेर येत राहतो. त्यावर माझा उपाय म्हणजे स्वतःची चादर, उशी आणि टॉवेल घेऊन जाणं. रात्रीचे आठ तास नाक उशीतच असतं ना!

आपला कूलर कामाला लावा

एसी आणि कूलर यांत इथे मोठा फरक आहे. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, त्यामुळे वासही तिथेच फिरतो. खिडकीतला कूलर बाहेरची हवा ओल्या ताटीतून आत ढकलतो आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं असेल तर जुनी हवा बाहेर जाते. म्हणजे वास घालवायला नागपुरी कूलरसारखं यंत्र नाही, बाप्पा! पहाटे आणि रात्री खिडक्या उघडून तास-दोन तास चालवा. दुपारी सगळं बंद करायची आपली जुनी रीत याही बाबतीत ठीकच आहे. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सोबत लावा. छतावरचा पंखा मात्र तीच हवा ढवळतो.

फक्त टाकीत वाळ्याचं सेंट टाकलंय का ते आधी बघा. असेल तर पाणी बदला. तसंही आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडी करायलाच हवी, नाहीतर त्यात डेंग्यूच्या डासांच्या अळ्या होतात. सेंटने अळ्या मरत नाहीत.

डासांचं लिक्विडही सुगंधी असतं. पण पावसाळ्यात ते काढण्याआधी मच्छरदाणीची सोय करा.

हे करू नका

एका वासावर दुसरा वास मारू नका. हवेत आणखी एक रसायन वाढतं, एवढंच. एअर प्युरिफायरमधली हेपा जाळी कण अडवते, वायू नाही. वासासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बनची जाळी लागते. ओझोन सोडणारी यंत्रं नकोत, कारण वर सांगितलं. घरात मांजर असेल तर टी ट्रीसारखी तेलं अजिबात नकोत, मांजरीच्या यकृताला ती नीट पचवता येत नाहीत.

आणि इनहेलर पर्समध्ये ठेवा. एवढं सगळं करूनही श्वास लागला, तर घराबाहेर पडा, डॉक्टरांना गाठा आणि काकूंना फोन करून सांगा. झाडांना पाणी तुम्ही रोज सकाळी येऊनही घालू शकता. रात्री तिथेच झोपलं पाहिजे असं काही नाही.

ते लोक परत यायच्या आदल्या दिवशी फोटो बघून सगळं जागच्या जागी लावा. त्यांना त्यांचं घर त्यांच्यासारखं मिळायला हवं. पुढच्या वर्षी किल्ली पुन्हा तुमच्याकडेच येईल.

चला, भेटू पुढच्या भागात. उन्हात फिरू नका, पाणी पीत राहा!