सातच्या आत घरात, पण घरात कोण?

'सातच्या आत घरात' हा चित्रपट २००४ साली आला, पण त्याचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी घरांत नियम म्हणून चालत होतं. अजूनही चालतं. नियमामागची काळजी खरी आहे; गडबड आहे ती त्यातल्या गृहीतकात. दिवेलागणीनंतर धोका बाहेर असतो आणि दाराला कडी घातली की तो बाहेरच राहतो, असं हा नियम धरून चालतो. चाळीत किंवा वाड्यात, आजी-काकू आणि शेजारपाजार जागेवर असताना, ते बरंचसं खरंही असेल. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत आता तसं राहिलेलं नाही. २०११च्या जनगणनेत ठाणे शहराची वस्ती १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती, आणि यातल्या कमावत्या माणसांचा मोठा भाग रोज मुंबईला जाऊन येतो. सीएसएमटी, दादर, घाटकोपरहून सहा-साडेसहाची फास्ट पकडायची, डोंबिवलीचा पूल गर्दीबरोबर सरकत उतरायचा, रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. घराचं कुलूप दिसेपर्यंत आठ वाजलेले असतात. पंधरा वर्षांचा मुलगा सातच्या आत घरात येतो तेव्हा नियम पाळणारा तो एकटाच असतो. त्यामुळे मुलं किती वाजता परत येतात यापेक्षा पाच ते आठ या वेळात ती कुणाच्या नजरेसमोर असतात, काय करत असतात आणि घरी कशी येतात, हे विचारायला हवं. या तिन्हींची उत्तरं शोधू लागलं की सुरक्षित संध्याकाळीबद्दलच्या आपल्या बऱ्याच समजुती ढासळतात.

सगळ्यांत घट्ट रुजलेली समजूत म्हणजे घात करणारा माणूस अनोळखी असतो आणि अंधारात दबा धरून बसलेला असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं वेगळंच सांगत आहेत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या गंभीर कलमांखाली नोंदलेल्या प्रकरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या किंवा मुलीच्या ओळखीतला असतो: घरचा, शेजारचा, शिकवणारा, मित्र म्हणवणारा. यावर एक हरकत घेतली जाते आणि ती रास्त आहे. मुलगी मर्जीने कुणाबरोबर गेली आणि आईवडिलांनी तक्रार केली, अशी प्रेमप्रकरणंही याच आकड्यात येतात. एनफोल्ड या संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० या काळातले पॉक्सोचे ७,०६४ निकाल तपासले, तेव्हा जवळजवळ चौथा हिस्सा अशा प्रकरणांचा निघाला. तो वजा करा. उरलेल्यांतही ओळखीच्याच माणसांची संख्या मोठी राहते. २०२१ साली डोंबिवलीत उघडकीला आलेल्या सामूहिक अत्याचाराच्या प्रकरणाने सगळा महाराष्ट्र हादरला होता. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याचीही सुरुवात ओळखीच्या तरुणाने मोबाइलवर काढलेल्या चित्रफितीपासून आणि ती दाखवून दिलेल्या धमक्यांपासून झाली होती. अनोळखी माणसाने घात केल्याच्या घटना या पट्ट्यात घडल्याच नाहीत असं कुणी म्हणणार नाही, आणि त्या घडतात तेव्हा भीती वाटणं साहजिकच आहे. पण सगळी खबरदारी त्याच एका दिशेला लावली की खिशातला फोन आणि ओळखीचा 'दादा' या दोन दिशा मोकळ्या राहतात.

याच समजुतीचं दुसरं टोक म्हणजे 'मुलगा आहे, त्याला काय होतंय?' केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेली पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित जास्तच होते. पॉक्सो कायदाही म्हणूनच मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. घराघरांतले नियम मात्र अजून भेद करतात. मुलीला दिवसाउजेडी मैदानावर पाठवताना दहा प्रश्न विचारले जातात आणि मुलगा रात्री दहाला आला तर जेवण गरम करून दिलं जातं. लोकलच्या नियमात तर एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याला महिलांच्या डब्यात बसता येत नाही. म्हणजे सातवीतला पोरगा क्लाससाठी ठाण्याहून कळव्याला एकटा जात असेल, तर संध्याकाळच्या सर्वसाधारण डब्यातल्या रेटारेटीत तो एकटाच असतो. त्याने काय सोसलं हे तो घरी सांगेल, ही अपेक्षा धरण्याआधी त्याला कधी कुणी विचारलं का, हे पाहायला हवं.

आता घड्याळाकडे येऊ. ठरावीक वेळेनंतर बाहेर पडायला बंदी केली की मुलं सुरक्षित होतात, हा समज आपल्यापुरताच नाही. अमेरिकेतल्या अनेक शहरांनी अल्पवयीनांसाठी रात्रीच्या बंदीचे कायदे केले. त्यांच्यावरच्या बारा अभ्यासांचा आढावा कॅम्पबेल संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केला, तेव्हा या बंदीमुळे ना मुलांच्या हातून होणारे गुन्हे कमी झालेले दिसले, ना मुलांवर होणारे. इथे कुणी आइसलँडचं उदाहरण देईल आणि ते द्यायलाच हवं. तिथे १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगल्याचं कबूल केलं होतं. २०१६पर्यंत हा आकडा पाच टक्क्यांवर आला. आणि हो, तिथे वेळेची मर्यादा आहे: तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर एकट्याने बाहेर राहायचं नाही. पण हा तिथल्या योजनेचा एक तुकडा आहे. रेक्याविक शहर मुलांच्या खेळाची, संगीताची, नृत्याची फी भरायला दर मुलामागे मदत देतं, आणि पालक गटागटाने संध्याकाळी वस्तीत फेरी मारतात. तिथे कुंपण घातलं, पण त्याबरोबर संध्याकाळही भरली. आपण कुंपणावरच थांबतो.

शिवाय आपलं कुंपणही प्रामाणिक नाही. रात्री नऊच्या सुमाराला डोंबिवली पूर्वेला किंवा नौपाड्यात उभं राहिलं की एखाद्या इमारतीच्या अरुंद जिन्यावरून पाठीला सॅक लावलेली नववी-दहावीची मुलं एकामागून एक उतरताना दिसतात. खाली फुटपाथ दुचाक्यांनी अडलेला, वडापावच्या गाडीवरच्या एका दिव्याचा काय तो उजेड. ही सगळी 'सातच्या आत'वाल्या घरांतली मुलं. अभ्यासाला निघालं की अंधार चालतो; खो-खोला निघालं की चालत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये कोचिंगसाठी काढलेल्या सूचनांत सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नये आणि फार उशिरापर्यंत वर्ग चालवू नयेत, असं स्पष्ट म्हटलं आहे. 'दहावीचं वर्ष आहे, खेळायला वेळ कुठे?' असं म्हणणाऱ्यांना हेही सांगावं लागतं की पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी एक तास अंगमेहनतीची हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि २०१६च्या जागतिक आकडेवारीनुसार अकरा ते सतरा वयाची ८१ टक्के मुलं तेवढी हालचाल करत नाहीत. हा एक तास अभ्यासाच्या वाट्यातून काढावा लागत नाही. फोनच्या वाट्यातून काढला तरी पुरतो.

संध्याकाळचा खरा जीवघेणा धोका बहुतेक घरांत धोका म्हणून मोजलाच जात नाही, तो म्हणजे वाहन. देशात रस्ते अपघात सर्वांत जास्त होतात ते संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे अहवाल वर्षामागून वर्षं नोंदवतात. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती आणि अठरा वर्षांखालची मुलं नऊ हजारांवर. तरीही 'जवळच तर जायचंय' म्हणत सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात स्कूटीची किल्ली दिली जाते, कारण रिक्षापेक्षा ती सुरक्षित वाटते. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा, आणि रस्त्यावर दिसणाऱ्या स्कूटर त्याच्या दुप्पट ताकदीच्या असतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हाती गाडी दिल्याबद्दल पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. रेल्वेचंही तसंच. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं दगावतात आणि त्यांतली सर्वाधिक रूळ ओलांडताना. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर गर्दीच्या गाड्यांतून माणसं खाली पडली, तेव्हा दाराशी लटकण्याची चर्चा आठवडाभर चालली. मुलाचा क्लास निवडताना शिक्षक कसे आहेत याची चौकशी होते. तिथे जाताना रूळ ओलांडावे लागतात का, याची होत नाही.

मग सुरक्षित म्हणायचं कशाला? इथे आणखी एक गैरसमज आड येतो: गर्दी वाईट, शांत जागा चांगली. ठाण्याची तलावपाळी घ्या. संध्याकाळी मासुंदा तलावाभोवती फिरायला आलेली कुटुंबं, भेळेच्या गाड्या, कठड्यावर बसलेली म्हातारी माणसं. कुणी कुणावर पहारा ठेवत नसतं, पण सगळ्यांना सगळं दिसत असतं. अमेरिकी लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ साली शहरांविषयीच्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं होतं की रस्ता सुरक्षित ठेवतात ते तिथे आपल्या कामाने असलेल्या माणसांचे डोळे. 'गर्दी नको म्हणून' मित्रांबरोबर येऊरला जाणारी मुलं नेमकी हे डोळे मागे टाकून जातात, आणि वर तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे बिबट्यांचा वावर आहे.

माणसांच्या नजरेतली जागा, ठरलेले दिवस, बरोबरीची मुलं आणि जबाबदार मोठं माणूस, या गोष्टी जिथे जुळून येतात ती संध्याकाळ भरवशाची. ठाण्यात हे काही नव्याने शोधायचं नाही. विहंग क्रीडा मंडळाचा खो-खो आणि श्री मावळी मंडळाची कबड्डी ठाणेकरांना ठाऊक आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. पण मला या सगळ्यांत जास्त बोलकं वाटतं ते 'वंचितांचा रंगमंच'. नाटककार रत्नाकर मतकरी आणि ठाण्याची समता विचार प्रसारक संस्था यांनी तो २०१४ साली सुरू केला. वस्त्यांमधली किशोरवयीन मुलं-मुली आपल्याच भोवतालच्या प्रश्नांवर नाटुकली रचतात, बसवतात आणि 'नाट्यजल्लोष' या महोत्सवात सादर करतात. ज्या घरात एकच खोली आहे आणि तिथे बाबा दारू पिऊन येणार आहेत, त्या घरातल्या मुलीला 'घरी बस' हा सल्ला कुठल्या अर्थाने सुरक्षित आहे? तिच्यासाठी तालमीची जागा जास्त सुरक्षित असते, आणि आजूबाजूच्या मोठ्या माणसांना तिच्या घरातलं काही कळण्याची शक्यताही तिथेच असते.

तरी सामूहिक आणि उघड्यावरचं म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही. ठाण्यात लाखोंच्या बक्षिसांच्या दहीहंड्या लागतात आणि गुरुपौर्णिमेपासून गल्लोगल्ली थरांचा सराव सुरू होतो. प्रशिक्षक, मित्र, वस्तीतली माणसं, सगळं तिथे असतं. पण वरच्या थरावर हलकं पोर लागतं, आणि मुंबई उच्च न्यायालयात २०१७ साली हा विषय चौदा वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवायचं नाही, इथे येऊन थांबला. पथकात मुलाला पाठवताना आधार कार्डावरचं वय, दोरी, हेल्मेट, खाली गादी आणि विमा, हे सणाच्या दिवशी नव्हे, सरावाच्या पहिल्या संध्याकाळी विचारायचं. खेळाच्या प्रशिक्षकालाही तसंच: सराव सुरू असताना पालक केव्हाही येऊन बसू शकतात का, आणि एखाद्या मुलाला एकट्याला थांबवून घेतलं जातं का? या प्रश्नांवर कुणी दुखावलं तर दुखावू दे. चांगला प्रशिक्षक दुखावत नाही. आणि मुलांना चाइल्डलाइनचा १०९८ आणि आपत्कालीन मदतीचा ११२ हे क्रमांक पाढ्यांसारखे पाठ हवेत, फोनमध्ये नुसते साठवलेले नकोत.

मुख्य आक्षेप उरतो तो जागेचा. मैदानंच कुठे राहिलीत? खरं आहे, जी आहेत ती लग्नं, प्रदर्शनं आणि सभांना दिली जातात. पण शाळांच्या पटांगणांचं काय? साडेसहाला फाटक बंद होतं, आत एक दिवा जळत राहतो, वॉचमन खुर्चीवर बसून मोबाइल पाहतो आणि बाहेर मुलं दोन गाड्यांच्या मधल्या जागेत क्रिकेट खेळतात. ते फाटक दोन तास उघडं ठेवायला नवी जमीन लागत नाही. शाळा, पालक आणि महापालिका यांनी एकदा बसून ठरवावं लागतं. मग राहते परतीची वाट. एका सोसायटीतली पाच-सहा मुलं एकत्र चालत आली आणि कोपऱ्यावर रोज एक पालक उभा राहिला, तर प्रत्येकाची पाळी आठवड्यातून एकदा येते. त्या दिवशी त्याला सव्वासहाची सोडून साडेपाचची लोकल पकडावी लागेल, आणि त्यासाठी सकाळीच साहेबांना सांगून ठेवावं लागेल.